बेस वाढवला की किक मरते, किक वाढवली की गळा झाकला जातो – मिक्ससाठी मदत हवी आहे

तारषड्ज
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. एका गाण्याचं मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र तोलणं) अकरा दिवस चाललंय, आजचं सातवं व्हर्जन. इथे ऐकताना बरं वाटतं, बाहेर कुठेही लावलं की वाट लागते. गाडीत बेस नुसता घुमतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) धपधप करते पण छातीवर येत नाही. बेसचा खालचा सूर आला की गायिकेचा आवाज एक पाऊल मागे सरकतो. फोनवर तर बेस वाजवलाय की नाही हेच कळत नाही. ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) सगळं करून झालं. शनिवारी फायनल द्यायचंय.

नेमके आकडे सांगा. किकला किती हर्ट्झ, बेसला किती, कॉम्प्रेसरचा अटॅक-रिलीज (किती वेळात दाबायचं, किती वेळात सोडायचं) किती. 'कानाने ठरवा' हे उत्तर नको, कानाने ठरवूनच सात व्हर्जन झाली.

लयबंद
साइडचेन लावा, विषय संपला. बेसवर कॉम्प्रेसर, त्याला चावी किकची. अटॅक अगदी जलद, रिलीज ८० ते १२० मिलिसेकंद, किक वाजली की बेस ३ डीबी (डेसिबल) खाली यायला हवा. रिलीज गाण्याच्या लयीवर बसवा, नाहीतर बेस धापा टाकल्यासारखा वाटतो. मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक गाण्यात हेच करतो.

मंद्रसप्तक
आकडे देता येतील, पण आधी काही गोष्टी कळायला हव्यात. ऐकता कशावर? खोली केवढी आणि तुम्ही त्यात बसता कुठे? गाणं कुठल्या स्वरात आहे? किक सॅम्पल (तयार रेकॉर्डिंग) आहे की वाजवून घेतलेली? आत्ता किकवर आणि बेसवर काय काय लावलंय? मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्रित आवाजावर) काही आहे का?

तारषड्ज
५ इंची मॉनिटर स्पीकर. किक सॅम्पल. साइडचेन आधीच लावलेलं आहे. पण खोलीचा काय संबंध? माझ्या खोलीत चांगलंच वाजतंय, गाडीत वाजत नाहीये.

दुसरा_कान
किक आणि बेस सोडून बाकी सगळ्या ट्रॅकवर १२० हर्ट्झला हायपास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. गिटार, की-बोर्ड, कोरस, सगळं. खालचा कचरा साठत साठत जातो आणि मिक्स गढूळ होतं. मग २०० ते ४०० च्या पट्ट्यात बेस थोडा कापा, गळ्याला लगेच जागा होते.

लयबंद
सरसकट १२० ला कापू नका हो! पुरुषाचा आवाज, गिटारच्या खालच्या तारा, सगळ्याची ऊब जाते आणि मिक्स कागदासारखं पातळ होतं. शिवाय हायपास जितका तीव्र, तितका कटच्या आसपास फेज (लहरीची वेळ) फिरतो. दोन माइकने घेतलेलं वाद्य असेल आणि एकाच ट्रॅकवर फिल्टर लावला, तर उरलेला खालचा भागही एकमेकांना खातो.

दुसरा_कान
गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, मान्य. पण भरगच्च मिक्समध्ये तो ऐकू येतो कुणाला? तिथे बेस बसलेलाच असतो. एकटा ट्रॅक सोलो करून ऐकाल तर पातळ वाटेल, सगळ्यांसोबत ऐका. सोलोचं बटण हेच अर्ध्या चुकांचं मूळ आहे.

टेपवाला
तुमच्या वादावरून आठवलं. रेकॉर्डच्या तबकडीच्या काळात बेस आणि किक मधोमधच ठेवावे लागत. स्टीरिओ तबकडीत डाव्या-उजव्यातला फरक खाचेच्या वर-खाली हालचालीत जातो. खालचे सूर दोन्ही बाजूंना वेगवेगळे असले की खाच उथळ होते आणि सुई उडते. त्यामुळे खालचा भाग मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखा) करूनच खाच कापली जायची. आता सुई नाही, पण सवय अजूनही उपयोगी आहे. तुमचा बेस मोनो आहे का बघा. सिंथचा असेल आणि त्यावर कोरस इफेक्ट किंवा रुंदी वाढवणारं काही लावलं असेल, तर एका स्पीकरवर तो गायब होणार.

तारषड्ज
बेस खरा आहे, चार तारांचा, डीआयने (माइकशिवाय, थेट वायरने) घेतलेला, मोनो. शनिवारी द्यायचंय हो, तबकडी नाही कापायची.

नवशिका_०७
माझा एक प्रश्न. स्ट्रीमिंगला –१४ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) लागतं ना? मग मिक्सच –१४ ला ठेवायचं का? माझं –११ येतंय.

ध्वनिरेषा
@नवशिका_०७, ती अट नाही. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी साधारण त्या पातळीला आवाज समान करतात, म्हणजे तुमचं –११ चं गाणं वाजवताना ३ डीबी खाली आणतात. मिक्स करताना त्या आकड्याच्या मागे लागू नका. पण इथे ते उपयोगाचं नाही, वेगळा धागा काढा.

@तारषड्ज, किकवरच्या कॉम्प्रेसरचा अटॅक किती? १-२ मिलिसेकंद असेल तर ठोक्याचं टोकच छाटलं जातं, मागे उरतो तो फुगलेला शेपटा. २०-३० करून बघा, टोक निसटून जाऊ द्या. आणि फोनवर बेस कळत नाही कारण तो छोटा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवतच नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (वरचे उपसूर, म्हणजे हार्मोनिक्स, जोडणारी हलकी विकृती) द्या. वरचे हार्मोनिक्स ऐकू आले की खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो.

मंद्रसप्तक
तारषड्ज, माझ्या सहापैकी जेमतेम दोन प्रश्नांची उत्तरं दिलीत. बाकीची द्या, उगीच विचारत नाहीये. खोलीची लांबी, बसायची जागा, गाण्याचा स्वर, किकवरचा ईक्यू, मास्टरवर काय.

तारषड्ज
ठीक. खोली साडेतीन मीटर लांब, तीन रुंद. टेबल भिंतीपासून बरंच पुढे आहे, मागे कपाट आहे म्हणून. त्यामुळे खुर्ची साधारण मधोमध येते. स्पीकर टेबलावर नाहीत, समोरच्या भिंतीलगत स्टँडवर. भिंतींवर फोम लावलाय. गाणं जी मेजर. बेसमध्ये जी, सी, डी हेच मुख्य सूर. जी अगदी मऊ वाजतो म्हणून बेसला आणि किकला ५० हर्ट्झच्या आसपास ६ डीबी वाढ दिलीय. १०० ला भयंकर घोंघावत होतं, तिथे दोन्हींना ५ डीबी कट. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) पहिल्या दिवसापासून आहे, नाहीतर क्लिप होतं, आवाज फाटतो.

मंद्रसप्तक
सापडलं बहुतेक. जरा सविस्तर लिहितो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालचे सूर अडकून उभे राहतात. पहिला कुठला हे काढायला ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट: ३४४ भागिले ७, म्हणजे सुमारे ४९ हर्ट्झ. या सुराचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मधोमध सगळ्यात कमी. दुसरा याच्या दुप्पट, ९८ हर्ट्झ. त्याचं उलट, तो मधोमध फुगतो.

आता बेसच्या सगळ्यात खालच्या तारेवरचा तिसरा पडदा, म्हणजे तुमचा जी, किती हर्ट्झचा? ४९. तुमच्या गाण्याचा षड्जच तुमच्या खुर्चीपाशी पोचत नाही! म्हणून तो मऊ वाटला आणि तुम्ही ६ डीबी चढवले. ९८ खुर्चीपाशी फुगतो, म्हणून घोंघावल्यासारखं वाटलं आणि तुम्ही १०० कापला. किकचं अंग, छातीवर येतं ते, ८० ते १२० च्या आसपासच असतं. म्हणजे ठोका तुम्हीच कापून टाकलात आणि त्याच्या खाली घुमणं भरलंत. गाडीत तुमची खोली नसते, तिथे जे केलंय तेच ऐकू येतं.

गळा मागे सरकतो तोही याच कारणाने. चढवलेला ५० लिमिटरवर आदळतो, आणि लिमिटर फक्त बेस नाही, सगळं गाणं दाबतो.

खात्री करून घ्या. ४९ हर्ट्झची शुद्ध साइन लावा, आवाज बेताचा ठेवा, खुर्चीतून उठा आणि मागच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत जा. मग ९८ लावून तेच करा.

लयबंद
साइडचेन तरीही लागेलच.

दुसरा_कान
मंद्रसप्तक यांचं पटलं. पण एवढी कसरत कशाला, हेडफोनवर मिक्स करा. खोलीच नको.

ध्वनिरेषा
हेडफोनवर खोली जाते, पण बेस अंगाला लागत नाही, त्यामुळे तो किती ठेवायचा याचा अंदाज अनेकांचा चुकतो. पडताळणीला उत्तम. सगळं त्याच्यावर सोपवू नये असं माझं मत.

तारषड्ज
आत्ता करून आलो. लिहिताना अजून विश्वास बसत नाहीये. ४९ लावला, खुर्चीत बसलो तर जवळपास काहीच नाही. मला वाटलं प्लगइन बंद आहे. मीटर मात्र हलत होतं, स्पीकरच्या कोनावर बोट ठेवलं तर तो थरथरत होता. उठून मागे निघालो आणि दोन पावलांवर आवाज आला, भिंतीला पाठ टेकली तर कपाटाची काच वाजायला लागली. ९८ चं बरोबर उलट: खुर्चीत डोकं भरून जातं, अर्धं अंतर मागे गेलो की विरतो. अकरा दिवस मी या खोलीचा ईक्यू करत होतो, गाण्याचा नाही. फार वाईट वाटतंय.

पण मग फोमने काहीच कसं होत नाही? सगळ्या भिंतींवर लावलाय.

मंद्रसप्तक
फोम केवढा जाड? ५ सेंटिमीटर असेल तर तो वरचे सूर खातो, ४९ ला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या सुराची लांबी सात मीटर आहे. खालच्यासाठी कोपऱ्यांत जाड, दाट भरावाचे शोषक लागतात, आणि खोली लहान असली की तेही थोडंच काम करतात. शनिवारपर्यंत तो नाद सोडा. टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्के अंतरावर डोकं, तुमच्याकडे साधारण १.३ मीटर. ही सुरुवातीची जागा, नियम नव्हे. मग किक आणि बेसवरचे ते दोन्ही ईक्यू बंद करा, लिमिटर काढा, मास्टरचं माप ६ डीबी खाली घ्या आणि फक्त फेडरने (आवाजाच्या सरकपट्टीने) बसवा.

आणि हळू आवाजात तोलू नका, फार मोठ्यातही नको. आवाज लहान असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून मांडलंय. एक पातळी ठरवा आणि तीच ठेवा.

टेपवाला
सोबत एखादं ओळखीचं, चांगलं मिक्स असलेलं गाणं त्याच पातळीला आणून लावून बघत राहा. मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, म्हणून पातळी जुळवणं महत्त्वाचं.

तारषड्ज
शुक्रवार रात्र. टेबल सरकवलं, कपाट बाहेर काढलं. जी आता ऐकू येतो, पूर्ण नाही पण येतो. दोन्ही ईक्यू काढले तर निम्मं काम तिथेच झालं. किकचा अटॅक माझा ३ होता, २५ केला. बेसवर सॅच्युरेशन अगदी थोडं, फोनवर आता सी आणि डी स्पष्ट, जी कळण्यापुरता. बेसला २५० ला २ डीबी कट दिला आणि गळा पुढे आला, फेडरला हात न लावता. साइडचेन ठेवलंय, पण ४ ऐवजी २ डीबी. गाडीत ऐकून आलो. घुमत नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी किक एकटी येते तिथे छातीवर आली.

लिमिटर अजून लावला नाहीये. गायिकेला असंच पाठवू की थोडा लावून?

लयबंद
दोन्ही पाठवा. एकात लिमिटर १-२ डीबीच्या पलीकडे जाऊ न देता, ट्रू पीक (आवाजाचं खरं कमाल टोक) –१ ला. दुसरं बिनलिमिटरचं, मास्टरिंगसाठी. फाइलच्या नावात लिहा कुठलं कुठलं ते.

नवशिका_०७
माझी खोली चौकोनी आहे, ३ बाय ३. मी पण ५७ हर्ट्झ लावून चालून बघितलं. आता कुठे बसू?