जुन्या धाटणीचा टेबल रेडिओ घेताना काय बघावं?

विश्रामबागकर: आईला लाकडी पेटीचा, गोल चकतीचा रेडिओ हवाय. आकाशवाणीचं सांगली केंद्र आणि एफएम लागलं की झालं. घरात इन्व्हर्टर, एलईडी दिवे आहेत.

जुनाव्हॉल्व्ह: आधी सेटवर एएम किंवा एमडब्ल्यू (म्हणजे मध्यम लहर) लिहिलंय का बघा, सांगली त्यावरच लागतं. रेट्रो म्हणून खपणारे कित्येक सेट नुसते ब्लूटूथ-एफएम, चकती शोभेची. सांगली केंद्राची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झ. आकडी ट्यूनिंग असेल, म्हणजे बटण दाबून आकडा पुढे सरकत असेल, तर टप्पा ९ किलोहर्ट्झचा हवा. अमेरिकी १० च्या टप्प्यावर १२५० ला सांगली निभेल, पण मुंबईचं १०४४ लावायला गेलात तर १०४० वर आवाज फाटणार. सरळ चकती फिरवून काटा सरकवायचा सेट घ्या, कटकट नाही.

मिरजेचा_सोल्डर: खरखर आली की सेट सेलवर चालवा. थांबली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. नाही थांबली तर एकेक दिवा, चार्जर, इन्व्हर्टर बंद करत जा. एएमची अँटेना आत आडवी फेराइटची (चुंबकीय मातीसारख्या पदार्थाची) कांडी असते, म्हणून आवाज स्वच्छ येईपर्यंत अख्खा सेट हळूहळू फिरवायचा. एफएमला ७५ सेंटिमीटर वायर पुरते.

विश्रामबागकर: स्पीकर केवढा?

मिरजेचा_सोल्डर: चार इंची, मागे खरं लाकूड किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी). प्लास्टिकवर चिकटवलेला लाकडी कागद बोटाने ठोकला की कळतो. आणि वीज वापरत असाल तर सेल काढून ठेवा, गळले की स्प्रिंगा खातात.