मणक्याला मार लागल्यावर बायकांचा श्वास लवकर सुधारतो का?

तासगावकर: माझ्या वहिनी मजुरांच्या ट्रॉलीतून पडल्या. मानेच्या पाचव्या मणक्याला मार आहे. मिरजेत ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर निघाला, आता घरी आणलंय. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रावर (स्पायरोमीटर) जेमतेम एक चेंडू वर जातो. वॉर्डात तसाच मार असलेला एक पोरगा दोन उचलायचा. लोक म्हणतात, बायकांना हार्मोनची साथ असते. मग वहिनी मागे का? आणि बसवलं की धाप लागते, आडवं केलं की बरं वाटतं, हे कसं?

पलूसहून: इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोननं नसा सावरतात असं वाचलंय. गोळ्या मिळतात, विचारून बघा.

फिजिओ, मिरज: गोळ्या अजिबात नकोत! अशा मारानंतर पहिले काही महिने पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असतेच, इस्ट्रोजेननं ती वाढते. डोक्याच्या मारावर प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या दुसऱ्या हार्मोनकडूनही प्राण्यांत मोठी आशा होती; २०१४ साली माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत काही फायदा दिसला नाही.

दादा, त्या पोराशी तुलना सोडा. चेंडूंखाली ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं, ते सेकंदाला किती सीसी हवा ओढली त्याचं माप. उंची सारखी असली तरी बाईची फुप्फुसं सरासरीनं लहानच. म्हणून पीएफटीत, म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीत, अपेक्षित आकडा वय, उंची आणि स्त्री की पुरुष हे बघून काढतात. त्याच्या किती टक्के आले ते विचारा, आणि वहिनींचे मागचे आकडे शेजारी ठेवा.

हार्मोनची गोष्ट खोटी नाही, पण ती उंदरांवरची आहे. थोडा वेळ कमी ऑक्सिजन, मग साधी हवा, असं आलटून पालटून दिलं की श्वासपटलाच्या (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) नसेचा जोर वाढतो आणि काही काळ टिकतो. नराचे वृषण काढले की हे कमी होतं, टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन दिलं की परत येतं, तेही शरीरात त्याचं इस्ट्रोजेन बनतं म्हणून. मादीत ते माजाच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होतं. म्हणजे बाई पुढे, पुरुष मागे असा सरळ हिशेब नाही. माणसांत असे रुग्ण बहुतेक पुरुषच, त्यामुळे बायकांकडे नीट बघितलंच गेलेलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

बसल्यावरची धाप: श्वासपटल मानेच्या ३, ४, ५ नंबरच्या नसांवर चालतं, पोटाचे स्नायू बरेच खालच्या नसांवर. ते सैल पडले की बसल्यावर पोट पुढे ओघळतं, पटल सपाट होतं, मग ओढायला वावच राहत नाही. आडवं केलं की पोटच पटलाला वर ढकलतं. बसवताना पोटाचा पट्टा बांधा.

मला खरी काळजी खोकल्याची. पोटात जोर नाही म्हणजे कफ आत राहतो आणि न्यूमोनिया होतो. तळहात बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवायचा. त्या खोकताना नेमकं त्याच क्षणी आत आणि वर ढकलायचं. बरगडीवर दाब नको. तुमच्या फिजिओकडून आधी हात धरून शिकून घ्या.

तासगावकर: ताई, घरात कमरेचा पट्टा आहे. चालेल?

फिजिओ, मिरज: नको. त्यात पाठीला सळ्या असतात, त्या रुतल्या तरी वहिनींना कळणार नाही. पोटाचा घ्या, झोपवताना सोडा, रोज कातडी बघा. अचानक डोकं ठणकून तोंडाला घाम फुटला तर पट्टा लगेच सैल करा, बसतंच ठेवा, लघवीची नळी मुडपली नाही ना बघा आणि दवाखाना गाठा.