'गिव्ह अप'मध्ये कोणी काही देत नाही, आणि 'सोडून देणे'मध्येही नाही

एकांनी लिहिलंय की इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्जना, म्हणजे 'गिव्ह अप'सारख्या, क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या क्रियापदांना, काही तर्क नसतो, यादी पाठ करण्याला पर्याय नाही. मला हे पटत नाही. मराठी माणसाला तर ही गोष्ट आतून ओळखीची आहे. 'त्याने नाद सोडून दिला' म्हणताना कोणी कोणाला काही देत नाही. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. 'ईट' आणि 'ईट अप' यांत जवळपास तोच फरक आहे. 'यूज अप', 'ड्राय अप' इथेही 'अप' म्हणजे वर नव्हे, काम पुरतं झालं, काही उरलं नाही. हा 'अप' एकदा कानात बसला की बरीच क्रियापदं आपोआप उलगडतात. सगळी नाही, हे मान्य. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे सुट्या शब्दांवरून कळणं कठीणच. ते वाक्यातूनच शिकावं.

खरी अडचण मला शब्दक्रमाची वाटते. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर' फोडताच येत नाही, तिथे 'लुक आफ्टर हर'च. म्हणून वहीत नुसतं 'टर्न ऑफ' लिहू नका, 'टर्न इट ऑफ' असं लिहा. अर्थाबरोबर जागाही लक्षात राहते.

आणि हो, फॉर्म 'फिल इन' करा की 'फिल आउट', अर्थ एकच.