मदत हवी आहे : विजय हजारे यांच्या काळातील सांगलीच्या क्रिकेटविषयी

सप्रेम नमस्कार. सांगलीत 1915 मध्ये जन्मलेल्या विजय हजारे यांच्यावर आमच्या वाचनालयासाठी एक छोटे प्रदर्शन तयार करत आहे. 1948 मध्ये अ‍ॅडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी ठोकलेली शतके आणि 1952 मध्ये मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मिळवलेला पहिला कसोटी विजय हे सर्वज्ञात आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती 1943 ची पंचरंगी, म्हणजे पाच संघांची, क्रिकेट स्पर्धा. संघ धर्मावरून ठरत असल्याने ख्रिस्ती हजारे ‘रेस्ट’ (म्हणजे उरलेल्या धर्मीयांच्या) संघातून खेळले आणि हिंदू संघाविरुद्ध एका डावात संघाच्या 387 पैकी 309 धावा त्यांनी एकट्याने केल्या. (उरलेल्यांची नावे आज कोण घेतो!) गांधीजींनीही विरोध केलेल्या या स्पर्धेकडे त्या वेळी सांगलीकर कसे पाहत होते, आपल्या गावच्या खेळाडूच्या बाजूने की धर्माच्या नावाने खेळणाऱ्या संघाच्या, हे मला समजून घ्यायचे आहे. त्या काळातील मराठी वृत्तपत्रांची कात्रणे, स्थानिक सामन्यांची धावपुस्तके किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. मूळ कागद नकोत, छायाप्रत पुरेल.