विभावरी की नुसतं विभा?

प्रश्न : पुतणीचं बारसं जवळ आलंय. आजीला विभावरी हवंय, आईबाबांना सुटसुटीत विभा. विभा हे विभावरीचंच छोटं रूप ना? मग दाखल्यावर कोणतं घालावं?

प्रतिसाद : हाकेपुरतं छोटं रूप म्हणा, पण अर्थ तोच राहत नाही. विभा म्हणजे प्रभा, तेज. विभावरी म्हणजे रात्र. म्हणजे नाव छाटलं की रात्रीचा उजेड होतो! मूळ मात्र दोन्हींचं एकच, 'भा' म्हणजे चमकणे हा धातू. ऋग्वेदात विभावरी हे चक्क उषेचं विशेषण म्हणून येतं, 'झळाळणारी' या अर्थी. पुढे संस्कृतातच ते चांदण्यांच्या रात्रीला चिकटलं आणि मराठीने तेवढंच उचललं. तेव्हा बारशाला कुणी 'मुलीचं नाव रात्र कसलं ठेवता?' म्हणून नाक मुरडलंच, तर ही उषा पुढे करा.

सगळ्या नावांचं असं जमत नाही. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा, त्याचा 'आदि' केला की 'आरंभ'. अभिजितचा 'अभि' तर नुसता उपसर्ग. हाक मारायला काहीही चालतं हो, पण दाखल्यावर उपसर्ग लिहू नये असं माझं मत. विभाला ती अडचण नाही, तो स्वतंत्र शब्द आहे. तरी घरात तिची 'विभू' होणारच. विभू म्हणजे सर्वव्यापी, प्रभू. काही दिवसांनी अनुभव येईलच.

प्रतिसाद : मी आजीच्या बाजूने. विभावरीची विभा कधीही होते, विभाची विभावरी करायला राजपत्रापर्यंत धाव घ्यावी लागते. फक्त लाडाच्या नावाला कमी लेखू नका. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, छापून राहिलं ते बाळ. विनायक नरहर भावे म्हटल्यावर कितीजणांना पटकन विनोबा आठवतील?

प्रतिसाद : घाई कशाला? जन्माची नोंद नावाशिवायही होते, १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क नाव घालता येतं. पण एकदा घालाल ते नीट ठरवून घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

प्रश्नकर्ती : उषेचं आजीला सांगितलं. ती म्हणते, मग उषाच ठेवा.