परभणीच्या थंडीत आलिशान गाडी रोज चालवावी की झाकून ठेवावी?

रबीचा_हंगाम (परभणी):

नमस्कार. दिवाळीच्या सुमारास मी एक जर्मन बनावटीची बीएस-6 डिझेल सेडान सेकंड हँड घेतली आहे. माझे काम नांदेडला असल्याने वसमतमार्गे रोज ये-जा असते. एका बाजूने साधारण 70 किलोमीटर अंतर पडते, सकाळी उजाडण्यापूर्वी निघावे लागते आणि परतताना अंधार झालेला असतो. परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो, हे येथील सदस्यांना वेगळे सांगायला नको. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, एवढी महाग गाडी हिवाळाभर कव्हर घालून उभी ठेवावी आणि जुनी हॅचबॅक वापरावी. त्यातच सध्या रोज सकाळी टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो, दुपारी तपासले तर हवा बरोबर भरते. थंडीचे वेगळे टायर घ्यावेत का, सकाळी इंजिन किती वेळ चालू ठेवून मग निघावे आणि मुळात ही गाडी रोज चालवावी का, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

शेंद्र्याचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर):

2010 साली एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेणाऱ्या शहरातून लिहितो आहे. त्यामुळे कव्हराखाली झोपलेल्या महागड्या गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत आणि चालत्या गाड्यांपेक्षा त्यांच्याच तक्रारी जास्त असतात. उभ्या गाडीतही गजर, कुलूप आणि संगणक थोडी थोडी वीज ओढत राहतात, त्यामुळे बॅटरी बसते. तुमच्यासारख्या बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गावर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ही काजळी जाळून टाकण्यासाठी फिल्टरचे तापमान साधारण 600 अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. गावातल्या गावात फिरवलेल्या गाडीचा फिल्टर तुंबतो. तुमची नांदेडची फेरी त्याच्या पथ्यावरच पडणारी आहे.

पिवळ्या दिव्याचे कारण साधे आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने (हवा भरताना मोजतात ते एकक) कमी होतो. आपल्याकडे दुपारी 30 आणि पहाटे 10 अंश असतात, म्हणजे तीन-चार पीएसआयचा फरक सहज पडतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये भरलेली हवा सकाळी कमी दाखवणारच. दाराच्या चौकटीवर दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो, तेव्हा हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासावी. थंडीचे टायर मात्र घेऊ नयेत. त्यांचे रबर सात अंशांखालील रस्त्यासाठी बनवलेले असते आणि आपल्या दुपारच्या डांबरावर ते भराभर झिजते.

गाडी चालू करून पाच-दहा मिनिटे घुरघुरत ठेवण्याची पद्धत जुन्या इंजिनांची आहे. अर्ध्या मिनिटाने निघावे आणि पहिले आठ-दहा किलोमीटर पाय हलका ठेवावा. इंजिनातील पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो, आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला, ते ऑइलच लागते.

फडातला_माणूस (वसमत):

वरील माहिती पटते, परंतु साहेब, आपल्या भागात हिवाळ्याचा खरा धोका थंडीचा नसून उसाचा आहे. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम संपेपर्यंत या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालतात आणि पुष्कळांच्या मागे ना दिवा असतो, ना रिफ्लेक्टर. पूर्णा नदीच्या आसपास धुके उतरलेले असेल, तर ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. नव्या गाड्यांतील आपोआप ब्रेक लागण्याच्या सोयीवर येथे विसंबू नये. बंपरजवळच्या रडारला फार तर ट्रॉलीचा लोखंडी मागचा भाग कळेल, पण मोळ्यांची टोके त्याच्याही मागे हात-दोन हात बाहेर आलेली असतात आणि ती नेमकी आपल्या काचेच्या उंचीवर येतात. शिवाय पहाटेच्या दहिवरावर धूळ बसली की रडार आणि कॅमेरा दोन्ही आंधळे होतात, म्हणून निघताना तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसावा. धुक्यात अपर (लांबवर पडणारा झोत) लावू नये, त्याचा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आतून काच धुरकटली तर गरम हवेबरोबर एसीही चालू ठेवावा आणि हवा बाहेरची घ्यावी.

काळी_माती (लातूर):

माझे मत थोडे वेगळे आहे. गाडी चालवावी, परंतु परतीचा अंधारातील प्रवास या गाडीने रोज करू नये. बुटक्या भिंतीचे टायर असलेल्या सेडानला आपल्या काळ्या मातीवर खचलेले रस्ते सोसत नाहीत. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही सहसा 80 च्या वेगाने 80 किलोमीटर नेतात खरे, पण खड्ड्याच्या धारेने बाजूची भिंत फाटली तर त्यांचाही इलाज चालत नाही, आणि अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते. तो टायर वसमतला रात्री आठ वाजता कोण देणार? जेथे रात्री उशीर ठरलेला आहे, त्या दिवशी हॅचबॅकच बरी. आणखी एक, सुगीनंतर शेतातले उंदीर ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरिंग कुरतडतात, तेव्हा गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावू नये.

रबीचा_हंगाम (परभणी):

सर्वांचे आभार. टायरची शंका फिटली. उशिराच्या दिवशी हॅचबॅक नेण्याचे वडिलांनाही पटेल असे दिसते. एक विचारतो, काजळी जळत असताना मध्येच गाडी बंद केली तर काही बिघडते का?

शेंद्र्याचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर):

एखाद-दुसऱ्या वेळी काही होत नाही, ते काम पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते. रोज तसे झाले तर मात्र न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते. बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत असेल, तर ते काम अर्धवट राहिले असे बहुधा समजावे. अशा वेळी गाडीचे पोट फार तापलेले असते. हुरड्याला कोणाच्या शेतात गेलात, तर ती वाळल्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नका.