मदत हवी आहे : आईला घेऊन बंगळुरूचं लालबाग बघायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. दिवाळीनंतर आईला घेऊन राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळुरूला जायचंय, खास लालबागसाठी. आई इथल्या आमराई बागेत नेमानं फिरणारी, झाडांवर फार जीव. पण हल्ली गुडघे दुखतात आणि ही बाग तब्बल २४० एकरांची.

१८८९ चं काचघर तर बघायचंच आहे. त्याहून जास्त ओढ आहे ती पांढऱ्या सावरीच्या जुन्या, अजस्र झाडाची. हैदर अलीनं १७६० मध्ये सुरू केलेली बाग शहर एवढं वाढूनही टिकली, याचं तिला फार अप्रूप. बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज बागेतल्या ज्या खडकावर आहे, तो जवळपास तीन अब्ज वर्षं जुना. मी म्हणते खालूनच बघू, ती म्हणते वर जायचंच. गुडघेदुखीत तो चढ झेपेल का?

मेट्रोच्या लालबाग स्टेशनवरून काचघरापर्यंत चालणं किती पडतं? की रिक्षानं दुसऱ्या गेटला उतरावं? आत बॅटरीवरची गाडी मिळाली तर ती सावरीपाशी थांबवतात का? ज्येष्ठांना घेऊन कुणी अलीकडे गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. रेल्वेची तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.